धंद्याचा फोन कोणाच्या नावावर?

उन्हाळा लागला की आमच्या जालना जिल्ह्यातल्या गच्च्या आणि अंगणं भरून जातात. कुठे उडदाचे पापड, कुठे कुरडया, कुठे शेवया, तर कुठे वर्षाच्या मसाल्यासाठी लाल मिरच्या. पूर्वी हा सगळा खटाटोप घरापुरता असायचा. फार तर लेकीच्या सासरी एक डबा जायचा. आता अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, कुठेही जा, गावोगावी बचत गट दिसतात. ‘उमेद’ अभियान महाराष्ट्रात २०११ मध्ये सुरू झालं आणि गटाच्या बायका कर्ज, माल, विक्री अशा गोष्टी सहज बोलू लागल्या.

‘लिज्जत’ची गोष्ट आपल्याला माहीतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांचं साहित्य काय, तर पोळपाट आणि लाटणं. आजही पापड लाटण्यानेच लाटला जातो, पण विकला जातो तो मोबाइलवर! ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे यूपीआयने येतात, पार्सलचा पत्ता मेसेजमध्ये येतो. ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनात स्टॉल लावला तर गिऱ्हाईक आधी विचारतं, “ताई, स्कॅनर कुठंय?”

म्हणजे मोबाइल ही आता चैन नाही, धंद्याचं अवजार आहे. मग मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? हे अवजार नक्की आहे कोणाचं?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशभरात शंभरातल्या ५४ जणींनीच ‘हो’ सांगितलं. आकडा नंतर वाढलाही असेल, पण घराघरातली रीत आपण पाहतोच. नवा फोन येतो तो मुलाला किंवा यजमानांना. त्यांचा जुना, काच तडकलेला, बॅटरी दुपारीच मान टाकणारा फोन येतो बाईकडे. “तुला काय, बोलण्यापुरताच तर लागतो!”

आमच्या ओळखीतल्या एका ताईंचं उदाहरण सांगते. शेवया-पापडाचा चांगला जम बसलेला. पाकिटावर नंबर छापला होता मुलाचा, कारण फोन त्याचा, सिमही त्याच्या नावावर. मुलाला पुण्याला नोकरी लागली. आनंदच झाला सगळ्यांना. पण त्याच्यासोबत फोन गेला आणि फोनसोबत सगळी गिऱ्हाइकंही गेली! ऐन हंगामात ऑर्डरी पुण्यात वाजत होत्या आणि तो बिचारा कामाच्या गडबडीत रात्री आईला निरोप देत होता. काही निरोप पोचले, काही राहिले. दोष कोणाचाच नाही. पण चार वर्षं राबून जोडलेली माणसं एका सिमकार्डावर अवलंबून होती आणि ते सिम ताईंचं नव्हतं.

म्हणून मी गटाच्या बैठकीत सांगते, कोणता फोन घ्यायचा हे नंतर बघू. धंद्याचा नंबर आधी आपल्या नावावर करा.

दुकानात जाण्याआधी

फोनच्या दुकानात एक गंमत हमखास घडते. दुकानदार विचारतो, “ताई, कोणासाठी पाहिजे?” आपण म्हणतो, “माझ्यासाठीच.” की लगेच तो म्हणतो, “मग साधाच दाखवतो!” अशा वेळी गांगरून जायचं नाही. “भाऊ, मला धंद्यासाठी पाहिजे,” असं स्वच्छ सांगायचं. आणि त्यासाठी घरूनच एक यादी करून न्यायची. दिवसभरात मी फोनवर काय काय करते? मालाचे फोटो काढते, ऑर्डरी घेते, पैसे घेते, हिशेब ठेवते. जे काम आपण करतो, त्याचेच पैसे मोजायचे. खेळांसाठी बनवलेला महागडा फोन आपल्याला काय कामाचा?

बॅटरी : खेडेगावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे ५००० एमएएच किंवा त्याहून जास्त बॅटरी असलेलाच फोन पाहा. दिवसभर पुरला पाहिजे.

साठवण : फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून फोन पटकन भरतो. १२८ जीबी जागा आणि निदान ६ जीबी रॅम असली तर दोन वर्षांनी “फोन अडकतोय” म्हणायची वेळ सहसा येत नाही.

कॅमेरा : मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. दुकानातच आपल्या साडीच्या काठाचा फोटो काढून पाहा. रंग खरा दिसतो का? आपली गिऱ्हाइकं मसाल्याचा रंग पाहूनच ऑर्डर देतात. आणि हो, फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका. सकाळी दाराजवळच्या उजेडात काढा, तिखटाचा लाल रंग लालच दिसेल.

धूळ आणि पाणी : आपला फोन ऑफिसच्या टेबलावर नसतो, पिठात आणि तिखटात असतो! फोनच्या माहितीत ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे लिहिलेले असतात, जसं आयपी ५४ किंवा आयपी ६८. पहिला आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. आकडा जितका मोठा, तितकं संरक्षण जास्त. तरीही मिरची कांडपाच्या वेळी फोन जवळ ठेवू नये. चार्जिंगच्या खाचेत पूड गेली की दुरुस्तीचा खर्च आलाच.

बोटाचा ठसा : राबणाऱ्या हातांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. पापडखार, भांडी, शेतकाम... फोनला बिचाऱ्याला आपलं बोट ओळखूच येत नाही. म्हणून ठशासोबत पिनही ठेवावा. तो पिन मात्र जन्मतारीख किंवा १२३४ नको!

अपडेट : “सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळतील?” हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा. फोन फार जुना झाला की त्यावर बँकेची आणि पैशांची अ‍ॅप चालेनाशी होतात. घरातला टाकाऊ फोन धंद्याला का चालत नाही, याचं हे खरं कारण.

नेटवर्क : जाहिरात पाहून कंपनी ठरवू नका, शेजारणीला विचारा. आपल्या घरात, आपल्या ओट्यावर कोणाची रेंज येते? फाइव्ह-जी सेवा भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, पण आपल्या गावात ती नीट पोचली नसेल तर केवळ त्यासाठी जादा पैसे मोजायची घाई नको. दोन सिमचा फोन मात्र घ्याच. एक नंबर घरचा, एक धंद्याचा. धंद्याच्या नंबरावर ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ घालता येतं. ते २०१८ मध्ये आलं आणि फुकट आहे. त्यात मालाची फोटोंसह यादी लावता येते, भाव लिहिता येतात. म्हणजे प्रत्येकीला “पापड काय किलो?” याचं उत्तर टाइप करत बसायला नको.

जुना फोन घेताना आणि हप्त्यावर घेताना

जुना फोन घ्यायला हरकत नाही, पण पक्कं बिल आणि खोकं मागा. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो बिलावरच्या नंबराशी जुळतो का पाहा. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर त्या नंबरावरून फोनची माहिती तपासता येते. २०२३ पासून तिथे हरवलेला फोन बंद पाडण्यासाठी अर्जही करता येतो. त्यासाठी पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागते. म्हणून नवा फोन घेतला की त्याच दिवशी हा नंबर वहीत लिहून ठेवा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हेही तिथेच कळतं.

“शून्य व्याज” ऐकून हुरळून जाऊ नका. प्रक्रिया शुल्क किती, विमा जोडलाय का, सगळे हप्ते मिळून रक्कम किती होते, हे कागदावर मांडून घ्या. हप्ता थकला तर त्याची नोंद आपल्या नावावर होते आणि पुढे धंद्यासाठी कर्ज मागायला गेलो की तीच आडवी येते.

पैशांचं काय?

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि हा शब्द भाजीवालीच्याही तोंडी बसला. यूपीआय चालतं ते बँक खात्याला जोडलेल्या नंबरावर. खातं आपलं आणि नंबर दुसऱ्याचा असेल तर पैशांचे मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. बँकेत जाऊन तो नंबर आधी बदलून घ्या. गटाचं खातं दोघी-तिघींच्या सहीने चालतं, त्यामुळे पुष्कळदा एकीच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड लावला जातो. तसं असेल तर रोज संध्याकाळी वहीत लिहा, किती आले आणि गटाचे किती. पैशांपायी मैत्री तुटायला नको.

स्मार्टफोन घ्यायला अजून अवकाश असेल तरी खट्टू होऊ नका. बटणांच्या साध्या फोनवरूनही यूपीआय करता येईल अशी सोय मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आहे. बँकेत विचारा.

आणि हे तर पदराला गाठ मारून ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो देताना. “पैसे पाठवलेत, हा बघा फोटो,” असं कोणी म्हटलं तर फोटो पाहू नका, आपल्या खात्यात जमा झाले का ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरावरून लग्नपत्रिका म्हणून एखादी फाइल आली तर उघडू नका. त्यातून फोनचा ताबा चोराकडे जाऊ शकतो. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

शेवटची गोष्ट. नव्या फोनमध्ये गूगल खातं उघडावं लागतं. बहुतेक वेळा ते दुकानदार किंवा घरातला मुलगा उघडून देतो आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. समोर बसून आपल्या नावाचं खातं उघडून घ्या आणि पासवर्ड घरच्या वहीत जपून ठेवा. गिऱ्हाइकांचे नंबर त्या खात्यात साठवले, तर उद्या फोन पाण्यात पडला तरी नव्या फोनमध्ये ते परत मिळतात.

यासाठी घरात भांडण करायची गरज नाही. मुलाला सोबत न्या, यजमानांचा सल्ला घ्या. पण बिल, सिम, खातं आणि पासवर्ड या चारही गोष्टींवर नाव आपलंच असू द्या. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीने हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसऱ्याच दिवशी कामाला लागायचं. राबणारे हात आपले आहेत, मग धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात का राहावी?