घडियाल

घडियाल : सरीसृप वर्गाच्या क्रोकोडिलिया गणातील गॅव्हिॲलिडी कुलाचा गोड्या पाण्यातील प्राणी. याचे शास्त्रीय नाव गॅव्हिॲलिस गँजेटिकस असे आहे. पूर्वी तो सिंधूपासून इरावतीपर्यंतच्या नद्यांत आढळे. आता मुख्यतः भारत व नेपाळमधील मोजक्या नद्यांतच उरला असून चंबळ नदीत त्याची संख्या सर्वाधिक आहे.

मुस्कट लांब व अरुंद असून त्यात शंभराहून अधिक तीक्ष्ण दात असतात. मासे हे याचे मुख्य भक्ष्य होय. प्रौढ नराच्या मुस्कटाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा येतो, त्यावरून हे नाव पडले. मादी मार्च-एप्रिलमध्ये काठच्या वाळूत खड्डा करून त्यात अंडी घालते.

धरणे, वाळूचा उपसा व मासेमारीची जाळी यांमुळे ही जाती अतिसंकटग्रस्त झाली आहे. भारतात १९७५ मध्ये संवर्धन प्रकल्प सुरू झाला व १९७८-७९ मध्ये चंबळ अभयारण्य घोषित झाले. तरीही २००७-०८ च्या हिवाळ्यात तेथे शंभराहून अधिक घडियाल मृत्युमुखी पडले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली.

निरीक्षणास हिवाळा उत्तम, कारण तेव्हा हे प्राणी वाळूवर ऊन घेत पडतात. नावेतून, दुरून व दुर्बिणीने पाहणे इष्ट. जवळ गेल्यास ते पाण्यात शिरतात व शरीर तापविण्यात खंड पडतो. विणीच्या काळात वाळूवर उतरल्यास अंडी तुडविली जातात. घडियाल सहसा माणसावर हल्ला करीत नाही. पण त्याच पाण्यात मगरही असते, म्हणून काठापासून दूर राहावे.