विश्लेषण : ओढून आणलेली गाडी लिलावात स्वस्त, मग नावावर होताना का अडते?

हप्ते थकले म्हणून बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ओढून नेलेल्या गाड्यांचे लिलाव आता मोबाइलवरही होतात. घरबसल्या बोली लावता येते आणि दिसणारा आकडा जुन्या गाड्यांच्या डीलरच्या भावापेक्षा बराच कमी असतो. पहिली चारचाकी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला मोह होणे साहजिक आहे. मात्र लिलावात जिंकलेली गाडी आणि स्वतःच्या नावावर झालेली गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या मध्ये आरटीओची खिडकी आहे आणि बरेचसे घोळ तिथेच होतात.

लिलावात गाड्या येतात कुठून?

सर्वात मोठा ओघ कर्ज थकलेल्या गाड्यांचा. यांचे लिलाव बँका स्वतः किंवा श्रीराम ऑटोमॉलसारख्या लिलाव कंपन्यांमार्फत करतात. दुसरा ओघ विमा कंपन्यांचा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर ती गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते, आणि तिचा सांगाडा विकला जातो. तिसरा सरकारी : पोलीस ठाण्यांच्या आवारातील बेवारस वाहने, राज्य उत्पादन शुल्क विभागाने जप्त केलेली वाहने, सीमाशुल्कची वाहने. सरकारी खात्यांची जुनी वाहने ‘एमएसटीसी’ या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावातून जात. पण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, ती अधिकृत भंगार केंद्रातच जातात. त्यामुळे ‘कलेक्टर ऑफिसची जीप लिलावात घेतली’ या जुन्या कथांच्या भरवशावर आज कुणी राहू नये.

‘जशी आहे, जिथे आहे’ म्हणजे काय?

प्रत्येक लिलावाच्या अटींत हे वाक्य असते. अर्थ सरळ आहे. गाडीत काहीही निघाले, तरी विकणारा जबाबदार नाही. गाडी महिनोन् महिने यार्डात उन्हापावसात उभी असते. बॅटरी उतरलेली किंवा गायब, टायर तडकलेले, चावी एकच, टेप काढून नेलेला, हे नेहमीचेच. बहुतेक ठिकाणी पाहणीच्या दिवशी इंजिन सुरू करून बघू देतात, रस्त्यावर चालवू देत नाहीत. म्हणजे क्लच, गिअर आणि सस्पेन्शन यांची खरी अवस्था गाडी घरी आणल्यावरच कळते.

समोर बोली लावणारे बहुतांश डीलर असतात. त्यांच्याकडे स्वतःचा गॅरेजवाला असतो, दहा गाड्यांत एक खराब निघाली तर बाकीच्या नऊ तो तोटा भरून काढतात. एकच गाडी घेणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून पाहणीला ओळखीचा मेकॅनिक नेणे, हा या व्यवहारातला सर्वात स्वस्त खर्च ठरतो.

पुराच्या गाड्यांबाबत विशेष जपायला हवे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की चिखलाची रेषा दिसते. स्टेपनीखालचा खळगा, सीटच्या पट्ट्यांवरचा गंज, डॅशबोर्डच्या आतल्या वायरिंगवरची माती हेही लपत नाही. सांगाडा ‘विदाउट आरसी’ विकला जात असेल, तर तो सुट्या भागांसाठी आहे, रस्त्यावर आणण्यासाठी नाही. अशा सांगाड्यांचे चेसिस नंबर चोरीच्या गाड्यांना लावण्याचे प्रकार पोलिसांनी उघड केलेले आहेत.

स्वस्त बोली महाग कशी पडते?

एक हिशोब मांडून पाहू. समजा, बोली २ लाख ६० हजारांवर मिळाली. लिलाव कंपनीचे सेवाशुल्क करासह १० हजार, यार्डाचे भाडे आणि टोइंग ६ हजार, टायर-बॅटरी २८ हजार, विमा १२ हजार, थकलेली ई-चलाने ६ हजार, नाव बदलण्याचा खर्च ८ हजार. झाले ३ लाख ३० हजार. इंजिनचे काम निघाले, तर तो खर्च वेगळा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक लिलावात ते बदलतात, पण कोणता ना कोणता खर्च निघतोच. डीलरच्या गाडीशी तुलना करायची ती या शेवटच्या आकड्याची, बोलीची नव्हे.

गाडी दुसऱ्या राज्यातील पासिंगची असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आणि महाराष्ट्राचा रस्ता कर हेही जोडावे लागतात. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. ती स्वस्ताई कराच्या पावतीपर्यंतच टिकते. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही बघावे.

आरटीओत नेमके काय अडते?

गाडी ओढून नेली तरी आरसीवर नाव कर्जदाराचेच असते, आणि त्याखाली बँकेचा बोजा. नेहमीच्या व्यवहारात विकणारा फॉर्म २९ आणि ३० वर सही करतो. इथे मालक विकायला तयारच नव्हता. अनेक कंपन्या कर्ज देतानाच कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतात आणि लिलावानंतर तेच खरेदीदाराच्या हाती देतात. सही जुळली नाही, आधारवर आधारित ऑनलाइन अर्जात ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर गेला, की फाइल थांबते. ज्याची गाडी गेली, तो ओटीपी आनंदाने सांगेल ही अपेक्षाच चुकीची.

कायद्यात यावर मार्ग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ (५) नुसार, कर्जदार आरसी देत नसेल किंवा बेपत्ता असेल, तर फायनान्स कंपनी फॉर्म ३६ भरून आधी स्वतःच्या नावावर नवी आरसी काढू शकते. त्यापूर्वी आरटीओ कर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी देते. कंपनीच्या नावावर गाडी आली की खरेदीदाराच्या नावावर करणे सोपे जाते. म्हणून बोलीआधी विचारायचा मुख्य प्रश्न हाच : आरसी कुणाच्या नावावर मिळणार, आणि किती दिवसांत? उत्तर लेखी घ्यावे. ‘आरसी नंतर कुरियरने येईल’ या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नयेत. सोबत बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, कंपनीची एनओसी आणि विक्रीपत्रही हवे.

सरकारी लिलावाची वाट वेगळी आहे. तिथे फॉर्म ३२ लागतो आणि लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याचे विक्री प्रमाणपत्र जोडावे लागते. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. जाहीर सूचनेत ‘भंगार म्हणून’ असे लिहिले असेल, तर नोंदणीचा प्रश्नच उरत नाही.

बोलीआधी मोबाइलवर काय तपासता येते?

बरेच काही. ‘एमपरिवहन’ ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, बोजा कुणाचा, मालक कितवा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे दिसते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-चलाने दिसतात. चोरीची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) सेवेवर तपासता येते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून शेवटच्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर विचारावेत. मीटर मागे फिरवला असेल, तर तिथेच उघडे पडते.

बयाणा रक्कम वैयक्तिक खात्यावर किंवा एखाद्या मोबाइल नंबरच्या यूपीआयवर मागितली, तर व्यवहार तिथेच सोडावा. लष्करातील अधिकारी असल्याचे सांगून, गणवेशातला फोटो पाठवून स्वस्तात गाडी विकण्याची फसवणूक वर्षानुवर्षे चालू आहे आणि अजूनही लोक तिला फसतात. खऱ्या लिलावात गाडी प्रत्यक्ष पाहण्याचा पत्ता आणि दिवस दिलेला असतो.

ज्याची गाडी गेली, त्याचे काय?

कर्जवसुलीसाठी बळाचा वापर चालणार नाही, गाडी कायदेशीर मार्गानेच ताब्यात घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले आहे. बिगर बँक वित्तीय कंपन्यांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या संहितेनुसार, ताबा घेण्यापूर्वीची नोटीस आणि विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी या गोष्टी करारातच असायला हव्यात. त्या पाळल्या नसतील, तर कर्जदार न्यायालयात जातो आणि स्थगिती आली की खरेदीदाराचे पैसेही अडकतात. कर्जदाराला नोटिसा दिल्याचा पुरावा मागण्यात खरेदीदाराचाही फायदा आहे, तो असा.

कर्जदाराच्या मागचा ससेमिरा लिलावानंतरही संपतोच असे नाही. विक्रीतून कर्ज फिटले नाही, तर उरलेली रक्कम कंपनी मागते. जास्त आली, तर ती परत मिळण्याचा हक्क त्याचा आहे. आणि नव्या माणसाने गाडी नावावर केलीच नाही, तर चलाने जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात. अपघात झाला, तर प्रकरण त्याहून गंभीर होते. गाडी विकली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात म्हटले आहे. त्यामुळे गाडी ओढून नेली गेलेल्यानेही कंपनीकडून ताबा घेतल्याची तारीख, विक्रीची तारीख आणि खाते उतारा लेखी मागून घ्यावा, त्याच्या प्रती आरटीओत द्याव्यात आणि आपले नाव उतरले का, हे दर महिन्याला ॲपवर बघत राहावे.