संत्र्याची साल आणि कायदा

माघ-फाल्गुनांत मृग बहाराचीं संत्रीं नागपूरच्या बाजारांत आलीं, कीं घरोघरीं गर खाऊन साल उटण्यासाठीं उन्हांत वाळत पडते. फवारलेल्या कीटकनाशकाचा बराचसा अंश मात्र सालींतच राहतो, हें किती गृहिणींस ठाऊक असेल?

१९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन लागलेलें पीठ खाण्यांत येऊन शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. आज २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें पिकावरील अवशेषांची मर्यादा ठरते. ज्या मात्रेनें प्राण्यांस अपाय होत नाहीं, तिचा सामान्यतः शंभरावा भाग माणसास रोज सह्य मानितात. नियमानें फवारल्यावर फळावर किती अंश उरतो तें मोजून मर्यादा बांधितात, आणि एकंदर आहारांतून ती सह्य मात्रा ओलांडली जात नाहीं ना, हें ताडून पाहतात. संत्र्यास ही मर्यादा सालीसह लागते.

२०१० सालीं अवशेष अधिक आढळल्यामुळें आपलीं द्राक्षें युरोपानें नाकारलीं. परक्यांच्या ताटासाठीं जी तपासणी होते, ती आपल्या मुलांच्या ताटासाठींही नको काय? बागाईतदारानें शेवटची फवारणी व तोडणी यांतील दिवस पाळावे. आपण फळ धुऊनच सोलावें आणि साल मुरंब्यांत घालण्यापूर्वीं विचार करावा.