परदेशातून घरी परतताना

कोकणातील अनेक कुटुंबांत कोणी ना कोणी नोकरीसाठी आखाती देशांत असते. सुट्टीत मुले दुबईला चाचांकडे किंवा मामूंकडे जातात. परतीच्या दिवशी सर्वांचे डोळे पाणावतात. पण मुलांनो, त्या घाईतही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

विमानतळावर सुमारे तीन तास आधी पोहोचावे. अत्तराची १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली जवळच्या पिशवीत चालत नाही. ती मोठ्या सामानात द्यावी. पॉवर बँक मात्र जवळच ठेवावी. तिने पेट घेतला, तर ते लगेच दिसते व आग विझवता येते.

कधी कोणी म्हणतो, "एवढे पुडके गावी पोहोचवा." नकार देणे जड जाते. तरीही आत काय आहे हे पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. बंदी असलेली वस्तू निघाली, तर जाब नेणाऱ्यालाच द्यावा लागतो.

रात्री १० वाजता निघालेले विमान सुमारे ३ तासांत मुंबईला येते. तेव्हा येथे १ नव्हे, २.३० वाजलेले असतात. कारण भारताची वेळ दुबईच्या दीड तास पुढे आहे.

मुंबईत आधी पासपोर्ट तपासतात. मग सीमाशुल्क अधिकारी भेटतात. कर लागणारी वस्तू असल्यास लाल मार्गाने जावे, नसल्यास हिरव्या. खरे सांगणाऱ्याला भीती कशाची?

घरी दादी वाट पाहत असते. तिच्या हाती खजुराचा डबा द्यावा आणि चाचांना लगेच फोन करावा : "आम्ही सुखरूप पोहोचलो."