गप्पीचा वाण राखताना

पावसाळा तोंडावर आला की महापालिकेची माणसं विहिरीत, हौदात, बंद पडलेल्या कारंज्यात गप्पी मासे सोडतात. डासांच्या अळ्या खाणारा मासा, एवढीच आपल्याकडे त्याची ओळख. संपादकांनीही मला डेंग्यूवरच लिहायला सांगितलं होतं. माहिती गोळा करताना मी घरच्या टाक्यांत गप्पीचे वाण राखणाऱ्यांकडे वळलो आणि तिथेच रमलो.

मूळ मासा व्हेनेझुएला, त्रिनिदाद, गयाना या भागातला. १८५९ मध्ये पीटर्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे रॉबर्ट गप्पी यांनी त्रिनिदादहून काही नमुने लंडनला पाठवले आणि १८६६ मध्ये ग्युंथर यांनी त्याला त्यांचं नाव दिलं. शास्त्रात ते टिकलं नाही, लोकांच्या तोंडी मात्र राहिलं.

मला खिळवून ठेवलं ते मादीनं. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. वयात येताना नराचा पोटाखालचा मागचा पर निमुळता होतो आणि त्याच्या साहाय्यानं तो मादीच्या पोटात बीज सोडतो. ती ते कित्येक महिने जपून ठेवते. सुमारे चार आठवड्यांनी एक वेत होतं आणि नर आसपास नसला तरी पुढचीही होत राहतात. म्हणजे दुकानातून आणलेली मादी बहुधा भलत्याच नराची पिल्लं पोटात घेऊन येते. शुद्ध वाण हवा असेल तर पिल्लं तीन-चार आठवड्यांची होण्याआधीच नर-मादी वेगळे करावे लागतात. भिंग लावून एकेकाचा पर तपासायचा, पोटाजवळचा काळसर डाग शोधायचा. एक नर नजरेतून सुटला तरी त्या टाकीतल्या माद्यांचा भरवसा संपतो. किती चिकाटीचं काम आहे हे!

त्यात मादी दिसायला फिकी. १९२० मध्ये कोपनहेगनच्या योहान्स श्मिट यांनी दाखवलं, की नराच्या पाठीवरच्या पराचा एक काळा डाग बापाकडून फक्त मुलांकडे जातो. दोन वर्षांनी विंगे यांनी त्याचं कारण वाय गुणसूत्रात दाखवलं. पण सगळे रंग असे सरळ उतरत नाहीत. काही आईकडूनही येतात आणि तिच्या अंगावर दिसत नाहीत. तिनं काय दिलं ते मुलगे रंगल्यावर कळतं. म्हणून वंशावळीची वही लागतेच.

अडचणी इथून सुरू होतात. जवळच्या नात्यात वीण चालवली की पाठीचे कणे वाकतात, पिल्लं कमी होतात. त्यासाठी एकाच वाणाच्या दोन-तीन शाखा वेगळ्या टाक्यांत सांभाळून मधूनमधून त्यांचा संकर करावा लागतो. शेपूट जितकी मोठी, तितकं नराला पोहणं जड. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायच्या आत मासे सोडले तर ते मरतात. आई स्वतःचीच पिल्लं खाते, म्हणून जावा मॉसचा दाट झुबका हवा. पिल्लांसाठी आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात सुमारे दिवसभर ठेवून उबवायची, तीही रोजच्या रोज.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती नको असलेल्या पिल्लांची. निवड कडक, म्हणून बाद होणारी पुष्कळ. ती नाल्यात किंवा तळ्यात सोडून देण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे. गप्पी घाणेरड्या पाण्यातही तगतात, इतर माशांची अंडी-पिल्लं खातात आणि देशी छोट्या माशांच्या जागेत घुसतात. आपल्याकडचे पॅनचॅक्ससारखे मासेही अळ्या खातातच. उघड्या पाण्यात गप्पी सोडताना पालिकांनीही याचा विचार करायला हवा. घरी वाण राखणाऱ्यानं तर आधीच ठरवावं, बाद पिल्लं कुणाच्या टाकीत जाणार, कारण पुढचं वेत महिन्याच्या आत येणारच.