तारणाचा करार आणि बाप्टिस्ट विचार

लष्करात मोहीम आधी ठरते, कूच नंतर होते. रिफॉर्म्ड ख्रिस्ती विचार तारणाबद्दल असेच सांगतो. जगाच्या उत्पत्तीपूर्वीच पित्याने निवडलेले लोक पुत्राला दिले आणि पुत्राने त्यांच्यासाठी मरण पत्करले. हा हुकूम नव्हे, राजीखुशीचा करार. आधार म्हणून योहान 17 वाचा.

इंग्लंडमधील कॅल्व्हिनवादी बाप्टिस्टांनी 1677 मध्ये लिहिलेली विश्वासकबुली 1689 मध्ये संमत झाली. तिचा सातवा अध्याय म्हणतो की, कृपेचा करार या सार्वकालिक करारावरच उभा आहे. प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर कबुलीच्या सातव्या अध्यायात हे विधान नाही. पुढे बाप्टिस्ट पाळक जॉन गिल (1697–1771) यांनी तर दोन्ही करार एकच मानले.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. प्रेस्बिटेरियन लोक विश्वासणाऱ्यांची मुले करारात धरतात आणि तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात. हे बाप्टिस्ट म्हणतात, पुत्राला दिलेले लोक जन्मावरून नव्हे, विश्वासावरून ओळखू येतात. म्हणून आधी विश्वास, मग बाप्तिस्मा.

आणि तो विश्वास डळमळला तर? इब्री 7:22 नुसार कराराचा जामीन येशू आहे, आपण नाही. दोन्ही पक्षांचा दिलासा इथेच आहे.