क्षय, टोमॅटोचा रस आणि मागे पडलेला प्रश्न

१९३३ साली मॅकॉन्की आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी गिनीपिगना क्षयरोग्यांची थुंकी खाऊ घातली. काहींच्या आहारात क जीवनसत्त्व अपुरं ठेवलं, काहींना टोमॅटोचा रस दिला. अपुरा आहार मिळालेल्या बहुतेकांच्या आतड्यात क्षयाचे व्रण उठले; रस प्यालेले जवळजवळ सगळे बचावले. गिनीपिगचं शरीर, माणसासारखंच, हे जीवनसत्त्व बनवू शकत नाही. उंदीर मात्र ते स्वतः बनवतात.

निकृष्ट खाणाऱ्याला क्षय अधिक का ग्रासतो, हा प्रश्न पुढे सरकण्याआधीच औषधं आली. १९४४मध्ये स्ट्रेप्टोमायसिननं मेयो क्लिनिकमधले गिनीपिग वाचवले, १९५२मध्ये आयसोनियाझिड आलं. १९५९मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रानं तर दाखवून दिलं, की दाटीवाटीच्या घरात राहून, बेताचं खाऊन औषधं घेणारे रुग्ण सॅनेटोरियममध्ये चांगलं जेवणाऱ्यांइतकेच बरे होतात. गरीब देशांसाठी ही केवढी मोठी गोष्ट! खाटेची वाट पाहत बसण्याची गरज उरली नाही. पण आहाराचा प्रश्न मागे पडला तो याच निकालामुळे, असं मला वाटतं. औषध घरी घेऊनही गुण येतो, एवढंच सिद्ध झालं होतं. मुळात क्षय कोणाला गाठतो, हे त्या चाचणीनं तपासलंच नव्हतं.

२०१३मध्ये विषय परतला तो आडवाटेनं. न्यूयॉर्कमध्ये विल्यम जेकब्ज यांच्या प्रयोगशाळेत आयसोनियाझिडला जंतू दाद का देत नाहीत, याचा शोध चालू होता. औषधाच्या जोडीला सिस्टीन हे क्षपणकारक अमिनो आम्ल घातलं, तर प्रतिकार करणारे जंतू डोकं वर काढीनात. मग तसाच गुण असलेलं क जीवनसत्त्व घालून पाहिलं, आणि ते औषधाविनाच जंतू मारू लागलं. लोहाशी त्याची अभिक्रिया होऊन तयार झालेले ऑक्सिजनचे आक्रमक रेणू जंतूंच्या डीएनएची नासाडी करत होते. मात्रा मात्र गोळ्या गिळून रक्तात कधीच गाठता न येणारी. २०१८मध्ये याच गटानं उंदरांना नेहमीच्या औषधांसोबत हे जीवनसत्त्व दिलं, तेव्हा फुफ्फुसातले जंतू लवकर घटले. आशा वाटावी असाच निकाल. पण उंदराला या जीवनसत्त्वाची कमतरता मुळात भासतच नाही.

अभावाचा प्रश्न थेट माणसांत तपासला गेला तो झारखंडमध्ये. क्षयरुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्यावर त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं, असं २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत दिसलं. त्यात एकट्या क जीवनसत्त्वाचा वाटा किती, हे त्या चाचणीतून निराळं काढता येत नाही.